ख्रिस्ती श्रद्धेचे आचरण : टिळक दांपत्याच्या संसारावरून

धर्म कशाला म्हणावे, या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांत पुष्कळ सापडतात. परंतु शेजाऱ्याचा धर्म आपण ग्रंथांवरून ओळखत नाही, त्याच्या सणांवरून ओळखतो. पांढुर्णा गाव परक्या माणसाला ठाऊक असतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधल्या निशाणासाठी दगडांचा वर्षाव होतो. या एका दिवसावरून तेथील लोकांची श्रद्धा मोजू पाहणारा मनुष्य फसेल. वर्षातील बाकीच्या दिवशी चंडीमातेपुढे हात जोडणारा, सौंसरजवळच्या जामसावळीला मारुतीच्या दर्शनास जाणारा, घरी येऊन तुळशीपाशी दिवा लावणारा तोच समाज त्याच्या दृष्टीस पडलेला नसतो.

आपण ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी नेमकी हीच चूक करतो. त्याचा नाताळ आपल्याला दिसतो आणि त्याच्या किंवा त्याच्या आजोबांच्या धर्मांतराची गोष्ट आपण ऐकलेली असते. त्याचा मंगळवार किंवा बुधवार कसा जातो, जेवणापूर्वी तो मान लववतो ती कशासाठी, कर्ज मागायला आलेल्या माणसाशी तो कसा वागतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

या प्रदेशाला ख्रिस्ती धर्म नवा नाही. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले व १८६३ मध्ये नागपूरजवळच वारले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. छिंदवाड्याच्या बाजूस स्वीडनच्या लुथरपंथी मिशनने काम केले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चर्चचे मुख्य ठाणे छिंदवाड्यासच आहे. मार्टिन लूथरची एक शिकवण येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चांभाराने चांगला जोडा शिवणे, आईने मुलाला न्हाऊ घालणे, ही कामेसुद्धा पाद्र्याच्या उपासनेइतकीच ईश्वरसेवा होय, असे तो मानीत असे. आपल्याकडे सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या नावाने धन्य होणाऱ्या वाचकाला ही शिकवण परकी वाटण्याचे कारण नाही.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असतानाच, १९५४ मध्ये, मिशनरींच्या कार्याच्या चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि त्यावर मोठा वाद माजला. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. बळाने, आमिषाने वा फसवणुकीने केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरविले. १९७७ साली स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आम्हां वकिलांची सारी शक्ती तिसऱ्या शब्दावर खर्च झाली. मधला शब्द, आचरण, धर्मांतराच्या या वादात दुर्लक्षितच राहिला. मनुष्य ख्रिस्ती कसा झाला, एवढेच न्यायालय विचारते. झाल्यावर तो कसा जगला, हे विचारण्याचे न्यायालयाला प्रयोजन नसते; शेजाऱ्याला मात्र असते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठीत जितके खुलेपणाने लिहिले गेले आहे तितके क्वचितच कोठे लिहिले गेले असेल. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक हे १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे जन्मलेले चित्पावन ब्राह्मण. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन ओढून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मांतराची गोष्ट येथे संपते. आचरणाची येथून सुरू होते. ज्या माहेरात लक्ष्मीबाई वाढल्या, तेथे वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक इतका होता की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा स्त्रीवर पतीच्या बाप्तिस्म्याने वज्रपात झाला. लहान मूल पदरी घेऊन त्यांनी पंढरपुरास नातलगांकडे दिवस काढले. त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. बाटलेल्या मनुष्याला त्याची पत्नी धर्माच्या कारणावरून सोडून गेली, तर विवाह मोडून घेण्याची वाट त्याने खुली केली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते वाट पाहत राहिले.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ राहू लागल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती पतीच्या सान्निध्यात हिंदू पत्नीची वेगळी चूल पेटत होती आणि ती विझविण्याची घाई त्या पतीने केली नाही. त्यांचा धर्म प्रेमाचा होता, असे नुसते म्हणण्यापेक्षा या चुलीकडे बोट दाखविणे मला अधिक योग्य वाटते. कालांतराने जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने लक्ष्मीबाईंच्या मनाची पकड घेतली आणि तो माणसाचाच उद्योग आहे, असा त्यांचा निश्चय झाला. पंगतीची बंधने गळाली. त्यानंतर १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत आचरण आधी बदलले, संस्कार मागाहून आला.

या घरातील पुढील वर्षे साधुसंतांच्या चरित्रासारखी गुळगुळीत नाहीत. टिळक रागीट होते, पैशाच्या बाबतीत बेफिकीर होते. हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकीत आणि घरातील डबा रिकामा आहे हे पत्नीला सांगावे लागे. लक्ष्मीबाईही मुकाट्याने सोसणाऱ्यांपैकी नव्हत्या. तरी त्या घराचे दार बंद झाले नाही. अनाथ मुले तेथे वाढली. प्लेगच्या साथीत जिवलगही दूर पळत असताना लक्ष्मीबाईंनी नगरच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांना परक्याच्या स्पर्शाचे भय लहानपणापासून शिकविले गेले होते, तेच हे हात होते. कवी बालकवी ठोमरे या घरात पोटच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्यांच्यावरील माया उणी झाली नाही.

उपासनेच्या बाबतीतही टिळकांनी मराठी मन टाकले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये अजूनही म्हटली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही मंडळी सुरू केली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले. आपला देह पुरू नये, दहन करावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्यांना लहानपणी शाळा लाभली नव्हती, त्यांनी हे केले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. गोमंतकात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास न्यावी लागली. ज्यांच्या कुलदैवतांनी रातोरात खाडी ओलांडली, त्यांना ख्रिस्ती प्रेमाची कथा सहज कशी पटावी? तो इतिहास विसरा, असे कोणी सांगू नये; मीही सांगत नाही. परंतु ज्या साष्टीत देवळे पडली, त्याच साष्टीत राहणाऱ्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापले गेले. आणि बाटलेल्या लोकांच्या मुखी ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. राज्यकर्त्याने धर्माच्या नावावर केलेला जुलूम आणि त्याच धर्माच्या एखाद्या साध्या कुळंब्याने रोज संध्याकाळी म्हटलेली प्रार्थना, या दोहोंवर एकच निवाडा देता येत नाही. जुलमाचा हिशेब जुलूम करणाऱ्याच्या नावे राहावा, प्रार्थना करणाऱ्याच्या नावे नव्हे.

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत दोन मागणी आहेत. आजची भाकर आज मिळावी, ही एक. आणि आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा व्हावी, ही दुसरी. पहिलीत उद्याचा साठा मागितलेला नाही, दुसरीत स्वतःवरच अट घातलेली आहे. ज्या दिवशी तो शेजाऱ्याला क्षमा करीत नाही, त्या दिवशी त्याची प्रार्थना त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. सकाळसंध्याकाळ असा करार म्हणणाऱ्या माणसाची परीक्षा त्याने तो पाळला की नाही यावरून करावी. टिळकांच्या घरात तो कधी पाळला गेला, कधी मोडला, आणि दोन्ही गोष्टी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवल्या.

आपणही आपल्या धर्माची परीक्षा जन्माच्या दाखल्यावरून करीत नाही. देवळातून परतल्यावर दाराशी आलेल्या भुकेल्याला आपण काय देतो, यावरून करतो. तोच मापदंड शेजाऱ्याला लावला, तर पांढुर्ण्यापासून पेडण्यापर्यंत पुष्कळ ख्रिस्ती घरांचे आपल्याला नव्याने दर्शन होईल. आणि कदाचित आपल्या घराचेही होईल.