आधी नवं वर्ष, मग लढाई

त्या वर्षी आम्ही दिवाळी चार दिवस आधी साजरी केली. कारण साधं होतं. आठ जणांची तुकडी हिवाळ्यासाठी वरच्या चौकीवर जाणार होती आणि हवामानाचा अंदाज पाहता निघायचा दिवस पुढे ढकलणं शक्य नव्हतं. लंगरच्या पोरांनी रात्रभर जागून शंकरपाळे आणि चिवडा केला, सुभेदार साहेबांनी बुखारीशेजारी लक्ष्मीचा फोटो मांडला. पंचांगात त्या दिवशी काही नव्हतं, पण पणत्यांना ते ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आठही जण निघाले.

याच गोष्टीवरून मला लडाखच्या नव्या वर्षाची कथा समजली, आणि ती सांगितली एका आजीनं, जव शिजवता शिजवता.

आमच्या कॅम्पपासून अर्ध्या तासावर सिंधूकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, आमचे नियम तुम्ही समजून घ्याल. तिथल्या आजींकडून आम्ही वाळवलेल्या जर्दाळू घ्यायचो. लडाखीत आजीला आबी म्हणतात, आदरानं आबी-ले. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी पाण्याच्या चरातलं पाणी काठांनी गोठायला लागलं होतं. मळणी कधीच आटोपली होती, छपरांवर गवताच्या पेंढ्या रचून झाल्या होत्या. मी आत गेलो तर चुलीवर मोठ्या पातेल्यात जव रटरटत होते. "लोसर येतोय," आबी-ले म्हणाल्या. लोसर म्हणजे नवं वर्ष. आणि लोसर म्हणजे घरोघरी छांग.

छांग म्हणजे जवाची घरगुती बिअर. रंगानं ताकासारखी गढूळ, चवीला आंबट, असं सगळे सांगतात. मी माळकरी घरातला, त्यामुळे चवीबद्दल माझी साक्ष काढू नका. पण ती करताना मी पाहिली आहे, ते लिहितो.

जव पाणी आटेपर्यंत आणि दाणा फुटेपर्यंत शिजवायचे. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, इथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे घाई चालत नाही. शिजलेले दाणे कापडावर पसरून निववायचे. पूर्ण गार करायचे नाहीत, कोमट असतानाच त्यांवर फब्स नावाच्या वडीची पूड भुरभुरायची. फब्स म्हणजे आपल्या भाषेत विरजण. मग सगळं पोत्यात भरून, वर घोंगड्या गुंडाळून चुलीजवळ ठेवायचं, तान्ह्या बाळासारखं. दोन-तीन दिवसांनी घरभर गोडसर वास सुटतो. मग ते दाणे भांड्यात घालून वर पाणी ओतायचं आणि गाळून घ्यायचं. पहिलं पाणी कडक, दुसरं मध्यम, तिसरं अगदी हलकं. उरलेला चोथाही वाया जात नाही, तो जनावरांच्या पुढ्यात जातो.

यात एक गंमत आहे. युरोपातली बिअर करताना धान्याला आधी मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसे. मोड येताना दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारे घटक तयार होतात. छांगेत मोड नाहीत. ते काम फब्समधल्या बुरशा करतात, आणि झालेल्या साखरेचं मद्य त्याच वडीतलं यीस्ट करतं. म्हणजे दोन कारखाने एका वडीत. नेपाळ, सिक्कीमपासून थेट ईशान्येपर्यंत घरगुती मद्याची हीच रीत आहे.

पण ऋतू मात्र सगळीकडे सारखाच. जुन्या इंग्लंडमध्ये मोठ्या घरांतून ऑक्टोबरात कडक बिअर घालत, कारण नवं धान्य हाती आलेलं असे आणि उन्हाळ्यात पेय नासायची जी भीती, ती थंडीत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन घराण्याची असली ऑक्टोबर बिअर जहाजांतून कलकत्ता आणि मुंबईला येई, कंपनीच्या साहेबांसाठी. पुढे १८५५ साली एडवर्ड डायर यांनी कसौलीत कारखाना काढला आणि गोऱ्यांची बिअर हिमालयातच बनू लागली. जालियनवाला बागेतला जनरल डायर हा त्यांचाच मुलगा. कसौलीला पोस्टिंग असताना ही माहिती मला एका पेन्शनर हवालदारानं दिली होती, तेव्हा मी ती नुसती ऐकून सोडली. आबी-लेंच्या चुलीपाशी ती परत आठवली. साहेबांची बिअर जहाजातून येत होती, तेव्हा या डोंगरांत बायका पोत्याला घोंगडी गुंडाळतच होत्या.

मी विचारलं, "आबी-ले, तिबेटी लोकांचा लोसर तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो. तुमचा डिसेंबरात कसा?"

त्या हसल्या. "आमच्या राजाला लढाईला जायचं होतं ना!"

कथा अशी. सोळावं शतक संपत आलं होतं. लडाखच्या गादीवर जामयांग नामग्याल होता. पश्चिमेला पुरिगमध्ये, म्हणजे आजच्या कारगिल भागात, चिकतन आणि करत्से इथल्या सरदारांचं भांडण पेटलं. राजानं त्यात हात घातला आणि सामना झाला तो बाल्टिस्तानच्या अली शेर खान अंचनशी. फौज हिवाळ्यातच काढायची होती. पण नवं वर्ष दोन महिन्यांवर आलेलं, आणि नव्या वर्षाआधी स्वारी करणं अशुभ, असा कौल मिळाला. राजानं तोड काढली. स्वारी पुढे ढकलायची नाही, नवं वर्षच अलीकडे आणायचं. तेव्हापासून लडाखी लोसर तिबेटी पंचांगाच्या अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी असतो.

मराठी माणसाला इथं तानाजी आठवल्याशिवाय राहत नाही. आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या सुभेदारानं घरचं कार्य मागे ठेवलं, लडाखच्या राजानं घरचा सण पुढे आणला. दोघांनाही माहीत होतं की गेलेला माणूस परत येईलच असं नाही. फरक एवढाच की सिंहगड हाती आला. जामयांगची स्वारी बुडाली.

लडाखच्या राजांची बखर आहे, 'ला-द्वाग्स ग्याल-रब्स' नावाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. एच. फ्रांके या मोरेव्हियन मिशनऱ्यानं ती अभ्यासली, भाषांतरित केली. बखरीप्रमाणे शत्रूनं झुलवत झुलवत वेळ काढला, तोवर बर्फानं खिंडी बंद झाल्या. राजा आणि फौज अडकून पडली आणि शरण आली. राजा कैद झाला. लडाखात विहारांची नासधूस झाली, ग्रंथ नष्ट झाले. पण शेवट सूडाचा नाही. अली शेर खानाच्या घराण्यातली ग्याल खातून हिच्याशी राजाचं लग्न लागलं, त्याला राज्य परत मिळालं, आणि त्यांचा मुलगा सेंगे नामग्याल लडाखचा सर्वांत नामांकित राजा ठरला. लेहचा नऊ मजली राजवाडा त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. म्हणजे हरलेल्या लढाईतून सूनही आली आणि सिंहही आला. सेंगेचा अर्थच सिंह.

हिवाळ्यानं घात केल्याचं हे एकच उदाहरण नाही. डोग्रा सेनापती जोरावर सिंग १८४१ मध्ये तिबेटात खोलवर शिरला. डिसेंबरात तक्लाकोटजवळ तो मारला गेला. थंडी अशी होती की सैनिकांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असं सांगतात. आम्ही उन्हाळ्यापासून केरोसीन, डाळ, पीठ आणि कपडे वर चढवत असतो, झोजिला बंद होण्याआधी सगळं पोचावं म्हणून जिवाचं रान करतो, त्याचं कारण या दोन गोष्टींत आहे. इथं पहिला शत्रू खिंडीत पडणारा बर्फ.

आता इतिहास म्हटला की दुसरी बाजूही सांगायला हवी. राजाच्या कथेआधीच लडाखात शेतकऱ्यांचं नवं वर्ष या काळात असावं, असंही एक मत आहे. तिबेटात त्सांग भागातही शेतकऱ्यांचा वेगळा लोसर मुख्य लोसरच्या आधी येतो. आणि नकाशा उघडून पाहा. लेहमध्ये लोसरला मशाली घेऊन लोक रस्त्यावर उतरतात, त्याला मेथो म्हणतात. तिकडे नियंत्रणरेषेपलीकडे बाल्टिस्तानात २१ डिसेंबरच्या सुमारास लोक आगीचा सण करतात, मेफंग. दोन्हीकडे 'मे' म्हणजे अग्नी. धर्म बदलले, राजे बदलले, मध्ये तारेचं कुंपण आलं, पण वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या आसपास आग पेटवायची सवय दोन्हीकडे राहिली. मला वाटतं, राजानं सण नव्यानं शोधला नसावा, लोकांच्या सणावर फक्त दरबाराचा शिक्का मारला असावा. जव कधी पिकतात, मळणी कधी संपते, विरजण कधी नीट लागतं, हे राजाच्या हुकमावर ठरत नाही.

आबी-लेंना मी हे मत सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण राजाची गोष्ट चांगली आहे."

छांग तयार झाली त्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. इथली रीत अशी की भांड्याच्या काठाला लोण्याचे ठिपके लावतात, पाहुण्याला आग्रह करतात आणि पाहुणा नको नको म्हणतो. या नकाराला द्झांग्स म्हणतात. तो खरा धरायचा नसतो, नाही म्हणणं हा शिष्टाचार आणि परत ओतणं हाही शिष्टाचार. आता माझी पंचाईत बघा. मी खरंच नाही म्हणत होतो आणि त्या हसून पेला पुढे करत होत्या.

माझ्या चुलत्याचं घर दारूनं बसलं. काकूनं दागिन्यांपाठोपाठ दुभती म्हैस विकलेली मी पाहिली आहे. त्यामुळे मद्य म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गुत्त्याचा दरवाजा येतो. हे सगळं मी मोडक्या हिंदीत आबी-लेंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेला बाजूला ठेवला, अनामिका त्यात बुडवून थेंब हवेत उडवले आणि माझ्यासमोर लोण्याचा चहा ठेवला. म्हणाल्या, "दारू घराबाहेरून विकत आली की घर खाते. ही घरातली आहे, जव संपले की संपते."

हे शंभर टक्के खरं आहे का? नाही. लडाखातही दारूनं बसलेली घरं आहेत आणि ती फक्त दुकानातल्या बाटलीनं बसलेली नसतील. पण त्यांच्या बोलण्यातला हिशेब मला पटला. छांगेला मर्यादा होती ती धान्याची. तेवढ्याच जवाचा सत्तूही करायचा असतो, पुढचं बियाणंही राखायचं असतं. आता रेशनवर तांदूळ आणि गहू येतात, पोरं शिकायला जम्मू-चंदीगडला जातात, बाटली लेहच्या दुकानात मिळते. आबी-लेंच्या सुनेला फब्स लावता येत नाही. "तिला वेळ नाही," एवढंच त्या म्हणाल्या, तक्रार न करता.

त्या लोसरच्या रात्री कॅम्पमधून आम्हाला गावातल्या मशाली दिसल्या. वर चौकीवर आठ जण होते. वायरलेसवर सगळं ठीक असल्याचा निरोप आला होता. मार्चमध्ये सात जण पायी उतरले. आठवा, सांगलीकडचा पोरगा, फेब्रुवारीतच हेलिकॉप्टरनं खाली आणला होता, डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली. मी त्याला इस्पितळात भेटलो तेव्हा तो म्हणाला, "सर, बरं झालं दिवाळी आधी केली. वर लई दिवस तोच चिवडा पुरवला."

चारशे वर्षांपूर्वी राजाबरोबर खिंडीत अडकलेल्या शिपायांचं नाव कुठल्या बखरीत नाही. पण निघण्याआधी त्यांच्याही घरी कोणीतरी घाईघाईनं जव शिजवले असतील, पोत्याला घोंगडी गुंडाळली असेल, आणि विरजण वेळेत लागावं म्हणून रात्री उठून हात लावून पाहिलं असेल. पंचांग राजानं बदललं, पण ते पाळलं या घरांनी.