मोर्तब सूद : मराठेशाहीत पत्र कुठे संपत असे?

'शिक्कामोर्तब' हा शब्द आज एकच वाटतो. मुळात ती दोन वेगळी कामे होती. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीस. 'सूद' म्हणजे फारसीत 'झाले'.

शिवछत्रपतींच्या पत्रांवर वर अष्टकोनी राजमुद्रा आणि खाली 'मर्यादेयं विराजते' हा छोटा ठसा दिसतो. ही मर्यादा शोभते. अर्थात मजकूर इथे संपला. पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा' असे.

ही निव्वळ शोभा नव्हती. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हे नव्हती. पत्र कारकून लिही. आजच्यासारखी खाली सही करण्याचा प्रघात नव्हता. मग उरलेल्या कोऱ्या जागेत कोणी एक गाव वाढवून लिहिले तर? मोर्तबाने ती वाट बंद होई. लांब सनदेसाठी कागद जोडले, तर सांध्यावरही ठसा उमटवीत.

मोर्तबाआधीची ओळ अधिक बोलकी. छत्रपतींची आज्ञा 'जाणिजे' म्हणून थांबे. वरिष्ठास लिहिताना 'हे विज्ञापना', बरोबरीच्यास 'लोभ असो दीजे, हे विनंती', वडीलकीच्या नात्याने 'हे आशीर्वाद'. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे १८९७पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. ती वाचताना नवखे वाचक हा शेवट ठरीव म्हणून ओलांडतात. त्यात नुकसान त्यांचेच: कोण कोणापुढे किती वाकतो, हे तिथेच कळते. (तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, हेही ध्यानात असू द्यावे.)

डिसेंबर १७४९मध्ये साताऱ्यास शाहू महाराज निवर्तले आणि कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली. तरी पेशव्यांच्या शिक्क्यात 'राजाराम नरपति हर्षनिधान' ही अक्षरे राहिली. माथ्यावर साताऱ्याच्या धन्याचे नाव, तळाशी पेशव्यांची लेखनसीमा. सत्ता नेमकी कुठे होती, ते एकाच कागदाच्या दोन टोकांवर दिसते.

पुढे १८५२च्या कायद्यान्वये इनाम कमिशन मुंबई इलाख्यातील इनामांच्या सनदा तपासू लागले. पिढ्यान्‌पिढ्या रुमालात बांधून ठेवलेले कागद बाहेर निघाले; आणि ज्या ठशाकडे घरात कोणी पाहिलेही नव्हते, त्यावर जमीन राहणार की जाणार हे अवलंबू लागले.