पंचायतीची मुदत आणि मतदाराचा हक्क

मतदानाचा दिवस कोणी ठरवायचा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. आपल्या कर्जत-खालापूर परिसराचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७ व १९७२ साली झाल्या. पुढची १९७९ मध्ये आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये! मुदतीची दोरी राज्याच्या कायद्याच्या हाती होती. १९७९ साली पहिलीत बसलेला मुलगा पुढच्या निवडणुकीपर्यंत स्वतः मतदार झाला होता.

या अनुभवातून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती जन्मली. २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, असे घटनेनेच ठरविले आणि निवडणुका स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविल्या.

तरीही पळवाट उरलीच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असताना मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून राज्य शासनाकडे घेतला. सीमारेषाच ठरल्या नाहीत, तर मतदान कसे होणार? २०१७ साली निवडून आलेल्या रायगड जिल्हा परिषदेची मुदत त्याच महिन्यात संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ रोजी कर्जत, खोपोली व माथेरान नगरपरिषदांसाठी मतदान झाले.

प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकूर वा कातकरी बांधवाने शाळेची गळती, आरोग्य केंद्रातला औषधांचा तुटवडा याविषयी त्याला मतपेटीतून जाब कसा विचारावा?

जे काम लहान समूह करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात बजावले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर मतदान हा हक्क आणि कर्तव्यही मानले. हे कर्तव्य केवळ मतदानाच्या दिवशी संपत नाही. आपल्या पंचायतीची मुदत केव्हा संपते हे ठाऊक असणे आणि ती टळल्यास ग्रामसभेत उठून विचारणे, हाही त्याचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.