तळटीप १४ : बर्मा बाजार

१४. बर्मा बाजार : चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात, बीच रेल्वे स्थानकाजवळ राजाजी सालैच्या कडेने लागलेली छोट्या दुकानांची रांग. ब्रह्मदेशात १९६२ साली जनरल ने विन यांची लष्करी राजवट आली आणि पुढे व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली तमिळ कुटुंबे हात हलवत मद्रासला परतली. त्यांच्या पोटापाण्याची सोय म्हणून १९६९ मध्ये हा बाजार वसवण्यात आला. मजकुरातील ‘अथो’ हा पदार्थ याच मंडळींनी आणलेला. उकडलेल्या नूडल्समध्ये कांदा, कोबी, तळलेला लसूण, चिंचेचे पाणी आणि तिखट घालून गाडीवाला ते सगळे हातानेच कालवतो. सोबत केळीच्या गाभ्याचे गरम सूप. या गाड्या मागच्या सेकंड लाइन बीच रस्त्यावर लागतात. लेखकाने पुढच्या परिच्छेदात उल्लेखिलेले काळिकांबाळ मंदिर इथून पायी जाण्याइतके जवळ, तंबू चेट्टी रस्त्यावर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, असे मंदिराची परंपरा सांगते. – संपा.