पत्त्याचा ठसा

अभिप्राय देणाऱ्याचा ईमेल पत्ता प्रकाशित होणार नाही, असे वर्डप्रेसचे वचन. ते अक्षरशः पाळलेही गेले. ही प्रणाली २००३ सालची. २००४ मध्ये तिला प्लगिनची सोय लाभली आणि मूळ संहितेला हात न लावता ज्याला त्याला आपले संकेतस्थळ हवे तसे घडवता येऊ लागले. पत्त्याशी निगडित छायाचित्र अभिप्रायाशेजारी दाखवणारे ग्रॅव्हटार आरंभी अशाच प्लगिनद्वारे जोडले जाई. २००८ मध्ये ते वर्डप्रेसमध्येच सामावले. मात्र त्या चित्राच्या दुव्यात पत्त्याचा एमडी५ पद्धतीने काढलेला सांकेतिक ठसा सर्वांसमक्ष उघडा असे. ठशावरून पत्ता थेट उलगडत नाही, हे खरे. पण ज्याच्यावर संशय, त्याच्या पत्त्याचा ठसा काढून ताडून पाहायला कितीसा वेळ लागतो? टोपणनावाने वरिष्ठांविषयी लिहिणाऱ्या कारकुनाला याची गंधवार्ताही नसे. नावपत्ता ब्राउझरमध्ये जपण्यासाठी संमती विचारणारी चौकट तर ४.९.६ या आवृत्तीत, मे २०१८ मध्ये आली. तीही युरोपीय संघाचा विदासंरक्षण कायदा लागू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. चित्रे बंद करण्याची सोय होती, पण ती संकेतस्थळाच्या व्यवस्थापकापाशी.