पडदा लहान, चित्र मोठं

मंडळी, फोनच्या जाहिरातीत दोन आकडे हमखास असतात, एक स्क्रीनचा आणि एक व्हिडिओचा. वाटतं की हे सख्खे भाऊ असणार. पण इतिहास बघितला तर दोघांचं फारसं कधी जमलेलंच नाही!

मुळात '४८०पी' ही भाषा टीव्हीची. चित्रात आडव्या रेघा किती, ते त्यात मोजतात. अमेरिकन टीव्हीच्या ५२५ रेघांपैकी साधारण ४८० रेघांत प्रत्यक्ष चित्र असायचं. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपलं दूरदर्शन रंगीत झालं, त्या 'पाल' पद्धतीत ६२५ पैकी ५७६. फोनचा स्क्रीन मात्र खिसा आणि बॅटरी बघून वाढत गेला.

आता गंमत बघा. २००७ साली बाजारात आलेल्या नोकिया एन९५ चा स्क्रीन होता ३२० बाय २४०, आणि कॅमेरा व्हिडिओ घ्यायचा ६४० बाय ४८०. म्हणजे टिपलेल्या चार पिक्सेलच्या जागी दिसायचा एकच. २०११ च्या गॅलेक्सी एस-२ ने तर कहर केला. रेकॉर्डिंग १०८०पी, स्क्रीन ८०० बाय ४८०. त्यात रुंद चित्र बसवलं की वरखाली काळ्या पट्ट्या, उरले ८०० बाय ४५०. टिपायचे वीस लाखांवर पिक्सेल, दाखवायचे ३ लाख ६० हजार!

२०१५ मध्ये सोनीने एक्सपीरिया झेड५ प्रीमियममध्ये साडेपाच इंचांत ४के स्क्रीन बसवला. चला, जमलं एकदाचं! पण फोटो-व्हिडिओ सोडले तर बाकी बहुतेक सगळं तो १०८०पी मध्येच दाखवायचा. चौपट पिक्सेल रंगवायचे म्हणजे प्रोसेसर आणि बॅटरी दोघांनाही घाम फुटणार ना.

मग हे जास्तीचे पिक्सेल वाया गेले का? माझ्या मते, टिपताना नाही. एन९५ वर घेतलेला बारशाचा व्हिडिओ आज मोठ्या स्क्रीनवर निदान चेहरे ओळखू येण्याइतका दिसतो. तेव्हा न टिपलेले बारकावे नंतर कुठून आणणार?

बघताना मात्र हिशोब उलटा. स्क्रीनपेक्षा मोठा व्हिडिओ फोन आक्रसून दाखवतो, डेटा मात्र पूर्ण खातो. चित्र जरा स्वच्छ दिसतं, नाही असं नाही, पण मोजावी लागणारी किंमत मोठी. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनमुळे नेटवर्कवर ताण आला, तेव्हा भारतातल्या बड्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८०पी च्या वर जायचं नाही असं ठरवलं. म्हणजे दूरदर्शनपेक्षाही कमी रेघा! आमच्या मातोश्री फोनवर मालिका बघत होत्या. त्यांना पत्ताही लागला नाही.

तेव्हा शूट करताना उद्याच्या स्क्रीनचा विचार करा आणि बघताना हातातल्या. असो. सेटिंग्जमध्ये एकदा डोकावून या, दोन्ही आकडे तिथेच आहेत.