शहापूर-मुरबाडमध्ये ११२ लावल्यावर नेमकं काय होतं?

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावरून रात्री ११२ लावला, तर तो फोन जवळच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो उचलला जातो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि गस्तीवरच्या गाडीत बसवलेल्या स्क्रीनवर जाते. गाडीला जीपीएस असल्यामुळे ती निघाली का, कुठे पोहोचली, हे वरिष्ठांना दिसतं. राज्यात ही व्यवस्था २०२१ मध्ये आली. पूर्वी १०० नंबर लावल्यावर गाडी खरंच निघाली की नाही, हे कळायला फारसा मार्ग नव्हता.

अडचण पत्त्याची आहे. मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाण शोधताना शहरात जवळपासची इमारत सापडू शकते. माळशेजच्या पायथ्याशी किंवा माहुलीच्या जंगलपट्ट्यात टॉवर विरळ, त्यामुळे अंदाज काही किलोमीटरनी चुकू शकतो. फोन उचलणाऱ्याला तुमचा पाडा माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून आधी तालुका, मग मोठं गाव, मग पाडा आणि जवळची खूण (शाळा, एसटी थांबा, धरणाचा रस्ता) या क्रमाने सांगा.

हा भाग ठाणे शहर आयुक्तालयात येत नाही. शहापूर, वाशिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे ही पोलीस ठाणी ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग, समृद्धी, कसारा घाट, धरणं आणि डोंगरातल्या वाड्या असा सगळा पसारा त्यांच्याकडे आहे.

तक्रार मोबाइलवर, सही ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. पण ती देणाऱ्याने तीन दिवसांत सही केली, तरच तिची नोंद होते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. आतल्या गावातून ठाण्यात जायचं म्हणजे एसटी किंवा वडाप आणि बुडालेली मजुरी. ‘घरबसल्या एफआयआर’ असं जे सांगितलं जातं, ते इथे अर्धंच खरं आहे. त्याच कलमात जास्त उपयोगाची गोष्ट आहे: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत.

घरझडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता कलम १०५ मुळे बंधनकारक आहे. मोबाइलवर केलं तरी चालतं. पूर्वी सगळा भरवसा पंचांच्या सहीवर होता, आणि पंच कोर्टात उलटले की केस ढिली पडायची.

पैसे गेले तर

इथे मिनिटं मोजायची. १९३० वर फोन केला की बँकांना कळवलं जातं आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते रोखण्याचा प्रयत्न होतो. आधी ठाण्यात जाऊन मग फोन, असं करू नका. मेसेज, कॉलची नोंद, स्क्रीनशॉट काहीही पुसू नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं ‘हॅश’ मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइल जराही बदलली की ठसा बदलतो.

एक पेच मात्र कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ग्रामीण भागात अनेक ठाण्यांचा कारभार सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. त्यामुळे तक्रार जवळच्या ठाण्यात दिली, तरी तपास दुसरीकडे जाऊ शकतो. तक्रारीची पोच आणि तपास अधिकाऱ्याचं नाव मागून घ्या.

अफवा आणि पोलीस पाटील

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. त्याआधी त्या भागात चोरांच्या अफवा फिरत होत्या. पोलीस पोहोचले होते, पण जमाव त्यांच्या हाताबाहेर होता. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. शहापूरच्या सीमेपलीकडचाच हा मुलूख आहे.

अफवा गावात शिरली हे सर्वांत आधी कळू शकतं पोलीस पाटलाला. हे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखालचं आहे आणि गावातली खबर ठाण्याला कळवणं हे त्याचं कायदेशीर काम आहे. फोनला रेंज नसेल, तेव्हा तक्रारदारालाही आधी त्याचंच दार गाठावं लागतं.